नगरपालिकेने तरुणांना मतं मांडायला बोलावलंय, आधी काय मागायचं ते ठरवायचं कसं?

सांजवारा:
नमस्कार सगळ्यांना. आमच्या नगरपालिकेने पुढच्या महिन्यात तरुण मुलामुलींची बैठक ठेवलीये, तुम्हाला काय हवंय ते सांगा म्हणून. आमच्या ग्रुपकडून मी आणि अजून दोघं जाणार आहोत. ग्रुपवर विचारलं तर मागण्यांचा नुसता पाऊस पडला, मैदान, वायफाय, अभ्यासिका उशिरापर्यंत उघडी हवी, रात्रीची बस, स्वच्छ टॉयलेट, नोकरीसाठी मार्गदर्शन, मन मोकळं करायला समुपदेशक... सगळंच खरं आहे त्यामुळे कोणालाच नाही म्हणवत नाही. पण आम्हाला बोलायला मिळणार जेमतेम पाच मिनिटं. याआधीही अशी बैठक झाली होती म्हणे, फोटो निघाले, सूचना लिहून घेतल्या आणि पुढे त्याचं काय झालं ते कोणालाच माहीत नाही. यावेळी तसं व्हायला नकोय. यातलं आधी काय मांडायचं ते कसं ठरवावं, आणि बैठकीनंतर विषय थंड पडू नये म्हणून काय करता येतं? कोणी ऑफिसच्या बाजूने हे बघितलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

जुनाकारकून:
मी नगरपालिकेच्या हिशेब विभागातच नोकरी केली, त्यामुळे आतून कसं चालतं ते सांगतो. आधी बजेटची तारीख काढ. बजेट सभेपुढे येतं तेव्हा लोकांना वाटतं आता चर्चा सुरू होणार, पण तोवर प्रत्येक खात्याने आपापले आकडे देऊन कितीतरी दिवस झालेले असतात आणि पैसे जवळपास वाटून झालेले असतात, मग कितीही चांगली मागणी आली तरी "पुढच्या वर्षी बघू" एवढंच उत्तर मिळतं. म्हणजे तुमचं म्हणणं खात्यांकडून आकडे मागवले जातात त्याच्या आधी टेबलावर हवं. बैठक त्यानंतर ठेवली असेल तर बैठकीची वाट न बघता आत्ताच लेखी द्या आणि पोच घ्या.

दुसरं म्हणजे भांडवली खर्च आणि महसुली खर्च यातला फरक. मैदानाला कुंपण, दिवे, बाकं हे एकदा केलं की झालं, तो भांडवली. अभ्यासिका दोन तास जास्त उघडी ठेवायची म्हणजे माणसाचा पगार, वीज, राखण, आणि हे दरवर्षी, तो महसुली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दोन तास तर वाढवायचेत त्यात काय एवढं, पण ऑफिसला खरी धास्ती याचीच असते कारण एकदा सुरू केलं की बंद करता येत नाही. अमेरिकेत बॉस्टनने २०१४ मध्ये शहराच्या बजेटमधले १० लाख डॉलर तरुणांच्या हाती दिले, १२ ते २५ वयाच्या कोणीही मत द्यायचं. खूप चांगला उपक्रम, पण पैसा भांडवली कामांचाच होता, त्यामुळे शाळांना लॅपटॉप, खेळाच्या जागा अशी कामं निवडून आली आणि दरवर्षी चालवायला लागतील अशा कल्पना त्यात बसणारच नव्हत्या. तेव्हा तुमच्या यादीत कुठली मागणी भांडवली खर्चातली आणि कुठली महसुली हे आधीच लिहून ठेवा.

आणि बस नगरपालिकाच चालवते का तेही बघा. दुसऱ्या संस्थेकडे असेल तर तुमच्या पाच मिनिटांतली दोन "हे आमच्या अखत्यारीत नाही" ऐकण्यात जातील.

रानवाट:
आम्ही मुलींच्या एका गटासोबत हे काम केलंय. सुरुवातीला सगळ्यांनी एकच लिहून दिलं, रात्री सुरक्षित वाटत नाही. ते खरंच होतं, पण त्यावर अधिकारी मान हलवतात आणि पुढच्या विषयाकडे जातात. मग आम्ही मुलींना म्हटलं संध्याकाळी अभ्यासिकेतून घरी कशा जाता ते फक्त सांगा. त्यातून कळलं की अभ्यासिका नऊला बंद होते आणि शेवटची बस पावणेनऊची, म्हणून मुली साडेआठलाच पुस्तकं आवरतात, आणि स्टॉपवरचा दिवा बंद असल्यामुळे बऱ्याच जणी तर अंधार पडायच्या आतच निघतात. मुलं नऊपर्यंत बसतात, मुली नाहीत. हे असं मांडल्यावर समोरच्याला काय करायचं ते लगेच कळलं, बस अर्धा तास पुढे ढकलायची आणि एक दिवा दुरुस्त करायचा. दिवा लवकर लागला, बसला वेळ लागला पण झालं. म्हणून प्रत्येक मागणीखाली विचारा की यामुळे कोणाचं काय अडतंय, कुठे, किती वाजता.

उत्तरदिशा:
वरचं दोन्ही पटलं तरी एक भीती वाटते. ऑफिसला जे सोपं पडतं तेच मागायचं ठरवलं तर तो प्राधान्यक्रम ऑफिसचा झाला, तरुणांचा कुठे राहिला? समुपदेशक महसुली खर्चात येतो म्हणून खाली ढकलायचा का, बऱ्याच मुलांना आज तोच सगळ्यात जास्त हवा असेल!! मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांना वापरून घेणं, सजावटीपुरतं बसवणं आणि नावापुरतं बोलावणं, ते सहभाग धरतच नाहीत. फोटो काढून संपलेली बैठक तिथलीच. आणि ऐकून घेणं म्हणजे उपकार नव्हेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ सांगतं की मुलांना त्यांच्याशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा हक्क आहे आणि वय आणि समज बघून त्या मताला वजन द्यायचं. फिनलंडमध्ये तर कायद्यानेच प्रत्येक नगरपालिकेत युवा परिषद किंवा तसंच काही असावं लागतं. तुम्हीही एकदाच्या बैठकीऐवजी कायमची जागा मागा.

अजून एक, तुमच्या ग्रुपवर कोण नाहीये ते बघा. शाळा सोडून कामाला लागलेली मुलं, व्हीलचेअर वापरणारी, घरून फोन न मिळणाऱ्या मुली. यांना जाऊन विचारल्याशिवाय यादी पक्की करू नका.

जुनाकारकून:
@उत्तरदिशा बरोबर आहे तुमचं. सोपं तेवढंच मागा असं मला म्हणायचं नव्हतं. समुपदेशक हवा असेल तर तोच पहिला ठेवा, फक्त तो आठवड्यातून किती दिवस, कुठल्या जागेत, कुठल्या खात्याखाली हे सोबत द्या, म्हणजे खर्चाचा अंदाज काढायला आधार मिळतो.

सांजवारा:
खूप खूप आभार. आज बसून यादीची पुन्हा मांडणी केली. समुपदेशक पहिला, अभ्यासिकेची वेळ आणि बस एकत्र दुसरी, बाकी लेखी देणार. आमच्यातला एक जण गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांशी बोलायला चाललाय, त्यांची सुट्टी असते त्या दिवशी, आणि त्यांचं ऐकून क्रम बदलला तर बदलू. एकच विचारायचंय, बैठकीत जे कबूल करतील ते लेखी कसं मिळवायचं?

जुनाकारकून:
बैठकीचं इतिवृत्त लिहिलं जाणार आहे का आणि कोण लिहिणार, हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर विचार. प्रत्येक मुद्द्यापुढे जबाबदार अधिकारी आणि उत्तराची तारीख टाकायला सांग. तुमच्यातल्या एकानेही शब्दशः टिपणं काढा आणि दुसऱ्याच दिवशी "काल असं ठरलं" असं पत्र देऊन टाका. इतिवृत्त उशिरा आलं किंवा त्यात काही गळलं तर ते पत्र दाखवता येतं. नाही म्हणाले तर नकारही कारणासकट लेखी मागा, पुढच्या बजेटला तिथूनच सुरुवात करता येते.