अल्माटीच्या पार्कातले 28 पानफिलोव्ह सैनिक कोण? (आणि रशियन "गार्ड्स" म्हणजे काय?)

मानेवाड्याचा बाबा:
पोरगी कझाकस्तानात अल्माटीले एमबीबीएस करून राहिली, दुसरं वर्ष. काल व्हॉट्सॅपवर फोटो टाकला, मोठ्ठा काळा पुतळा, सैनिक दगडातून उडी मारून बाहेर येते असा. पुढं ज्योत. म्हणते, "बाबा, हा 28 पानफिलोव्ह गार्ड्समनचा पार्क." आमच्या कामठीतही लष्कराचे गार्ड्सच आहेत ना! हे तिकडले गार्ड्स कोण, न 28च काहून? कोणाले माहीत असन तर सांगा.

इतिहासवेडा:
दुसऱ्या महायुद्धात 28 जणांनी मॉस्कोजवळ जर्मनांचे 18 रणगाडे फोडले आणि सगळे मेले. "रशिया विशाल आहे, पण माघार घ्यायला जागा नाही, पाठीशी मॉस्को आहे" हे त्यांचंच वाक्य. अंगावर काटा येतो.

निवृत्त हवालदार, कामठी:
काटा येतो खरा, पण थोडं थांबा भाऊ.

आधी गार्ड्सचं. आपल्याकडे 1949 मध्ये चार जुन्या पलटणी एकत्र करून गार्ड्स ही रेजिमेंट उभी केली. रशियात वेगळी रीत. लढताना जी डिव्हिजन (हजारो जवानांची मोठी तुकडी) चमकली तिलाच "गार्ड्स" म्हणायचं आणि नवा नंबर द्यायचा. पहिल्या चार डिव्हिजनना हा मान सप्टेंबर 1941 मध्ये मिळाला.

पानफिलोव्हवाल्यांचा मूळ नंबर 316. जुलै 1941 मध्ये अल्मा-अतालाच (अल्माटीचं जुनं नाव) भरती झाली. कझाक, किरगिझ, रशियन, युक्रेनियन, सगळे एकाच पलटणीत. मेजर जनरल इव्हान पानफिलोव्ह त्याआधी किरगिझस्तानात लष्करी कमिसार, म्हणजे सैन्यभरती पाहणारा अधिकारी होता. जवान त्याला "बात्या" म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचा "बा". आणि बाबासाहेब, तुम्हाला आवडेल असं एक: त्याची मुलगी वालेंतिना त्याच डिव्हिजनच्या वैद्यकीय तुकडीत होती.

ऑक्टोबरात त्यांना मॉस्कोच्या वाटेवरच्या वोलोकोलाम्स्क गावापुढं उभं केलं, रोकोसोव्स्कीच्या 16 व्या आर्मीत. वाट्याला आली 41 किलोमीटरची आघाडी. नियमानं एका डिव्हिजननं 8 ते 12 किलोमीटर धरायचे. म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीपासून पार मनसरपर्यंत एकच डिव्हिजन, तीही चार महिन्यांपूर्वी शेतात नाहीतर कारखान्यात असलेल्यांची! एवढ्या लांबीवर सलग खंदक भरणं शक्यच नव्हतं. म्हणून पानफिलोव्हनं रस्त्यांचे नाके धरले, तिथं तोफा बसवल्या. तुकडी मागं हटायची, पुढच्या नाक्यावर पुन्हा वाट अडवायची. या खेळात बाउरजान मोमिशउली हा बटालियन कमांडर तयार झाला. पुढं त्यानं 9 वी गार्ड्स डिव्हिजन सांभाळली.

आता 28. 16 नोव्हेंबरला दुबोसेकोवो इथं याच डिव्हिजनच्या 1075 व्या रेजिमेंटमधल्या चौथ्या कंपनीनं (शे-दीडशे जवानांची तुकडी) रणगाड्यांशी झुंज दिली, हे खरं. पण रेजिमेंटचा कमांडर काप्रोव्ह यानं 1948 च्या चौकशीत स्पष्ट सांगितलं की 28 जणांची अशी लढाई झालीच नाही, कंपनीचे शंभरावर मेले. पेपरवाल्या क्रिवित्स्कीला नावं पाहिजे होती, कंपनी कमांडरनं आठवतील ती सांगितली. ते अमर झाले, बाकीचे राहिले. त्या 28 पैकी काही तर जिवंत निघाले. एक दोब्रोबाबिन, जर्मनांच्या पोलिसात नोकरी केली म्हणून 1947 मध्ये पकडला. झडतीत त्याच्याकडं 28 वीरांचं पुस्तक सापडलं, त्यात वीर म्हणून तो स्वतःच! आणि ते वाक्य क्रिवित्स्कीनं स्वतः रचलं, त्यानंच कबूल केलं.

मला राग याचा येतो की 28 च्या गोष्टीखाली डिव्हिजन झाकली गेली. 18 नोव्हेंबरला तिला 8 वी गार्ड्स म्हणून मान्यता मिळाली, आणि त्याच दिवशी गुसेनेवो गावात मॉर्टरच्या तुकड्यानं पानफिलोव्ह गेला.

इतिहासवेडा:
म्हणजे इतके वर्षं मी भाषणात सांगत होतो ते...? माफी राजेहो.

मानेवाड्याचा बाबा:
पोरीले फोन लावला, सगळं वाचून दाखवलं. म्हणते, तिथं ज्योतीजवळ नवरा-नवरी फुलं ठेवाले येतात. तिचा एकच प्रश्न: ते वाक्य ज्याच्या नावावर आहे तो क्लोचकोव्ह तरी खरा होता का?

निवृत्त हवालदार, कामठी:
होता. वासिली क्लोचकोव्ह, त्याच चौथ्या कंपनीचा राजकीय अधिकारी. युद्धाआधी अल्मा-अतालाच नोकरीला होता. दुबोसेकोवोलाच गेला. फक्त ते वाक्य त्याचं नाही.