प्रतिसाद: दुसऱ्या राज्याच्या ग्रँड लॉजमध्ये पाहुणा म्हणून जाताना

न्यू जर्सीतल्या फ्रीमेसन (बंधुत्व मानणारी जुनी संघटना) लॉजच्या, म्हणजे स्थानिक शाखेच्या सदस्याला पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड लॉजच्या, म्हणजे तिथल्या सगळ्या लॉजच्या वरच्या संस्थेच्या वार्षिक सभेला जाता येतं का, असं विचारलंय. येतं. पण अमेरिकेत फ्रीमेसनांची देशभराची अशी एक संस्था नाही. प्रत्येक राज्याची ग्रँड लॉज स्वतंत्र, त्यामुळे दोघींची एकमेकींना मान्यता लागते. कृष्णवर्णीयांच्या प्रिन्स हॉल लॉजना गोऱ्यांच्या ग्रँड लॉजनी जवळपास दोन शतकं दारात उभं केलं नाही. 1989 साली कनेटिकटने मान्यता दिली, मग हळूहळू बाकीची राज्यं हलली. बंधुत्वाच्या गप्पा मारणाऱ्यांना हे शोभलं नाही, असं माझं स्पष्ट मत.

चालू वर्षाची वर्गणी भरल्याचं कार्ड, ओळखपत्र आणि ॲप्रन (सभेत कमरेला बांधायचा) सोबत ठेवा. कपडे गडद सूट. ओळखीचं कुणी नसेल तर आत सोडण्याआधी प्रश्न विचारतात, म्हणून आपल्या सेक्रेटरीमार्फत आधी कळवलेलं बरं. पाहुण्याला मत नसतं. बराच वेळ ठराव, हिशेब आणि परराज्यातून आलेल्या ग्रँड मास्टरांच्या, म्हणजे तिथल्या ग्रँड लॉजच्या प्रमुखांच्या स्वागतात जातो. थोडक्यात, सोसायटीची वार्षिक सभाच, फक्त लोक टापटीप.

फिलाडेल्फियात सिटी हॉलला लागून असलेलं 1873 सालचं मेसॉनिक टेंपल मात्र चुकवू नका. एकेक दालन वेगळ्या शैलीत: गॉथिक, नॉर्मन, आयोनिक. इजिप्शियन हॉलला निवांत वेळ द्या. सभेत घरच्यांना प्रवेश नसला तरी इमारतीची गाइडसह फेरी सदस्य नसलेल्यांनाही करता येते, तेव्हा त्यांनाही न्या.