25 वर्षांची शेरी कास्क सिंगल मॉल्ट इंदूरच्या उन्हाळ्यात कशी चाखावी?

पलासियाकर
शनिवारी पाच जणांत स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली 25 वर्षांची, शेरी कास्कमध्ये (शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात) मुरलेली, 43 टक्के अल्कोहोलची व्हिस्कीची बाटली उघडायची आहे. संध्याकाळीही खोलीत 35 डिग्री. बर्फ नको हे ठाऊक आहे, पण मग गार कशी करायची? पाणी किती घालायचं? शिवाय अशा व्हिस्कीला कधी विझलेल्या काडीसारखा वास येतो म्हणतात, म्हणजे ती बिघडलेली असते का?

खारीकमनुका
दादा, आधी तापमान सांभाळा. 35 डिग्रीला अल्कोहोलच नाकात घुसतं, खारीक, अंजीर, अक्रोड यांचे गंध मागेच राहतात. बाटली दीडएक तास फ्रिजमध्ये उभी ठेवा, वीसच्या आसपास येईल. रात्रभर ठेवलीत तर वास मिटून जाईल. आडवी तर कधीच ठेवू नका, स्पिरिट बूच खातं.
उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवा. जुनं बूच हमखास मोडतं, तेव्हा मलमल आणि गाळणी जवळ असू द्या.
निमुळत्या तोंडाच्या ग्लासात 20 मिली ओता, वर बशी झाका, वीस मिनिटं थांबा. हुंगताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाक काठावर, आत नाही. आणि खसच्या जाळीचा कूलर बंद करा! त्या वासापुढे ओलोरोसोचं (गडद शेरीचं) काही चालत नाही.

थेंबेथेंबे
पाण्याचा हिशेब टक्क्यांवर असतो. ग्लेनफार्क्लास 105 सारखी 60 टक्क्यांची असती तर 20 मिलीत 6 मिली घालून 46 वर आणता आली असती. तुमची 43 चीच आहे. आधी कोरी चाखा, मग फार तर अर्धा मिली, म्हणजे ड्रॉपरचे दहा थेंब. इतकी वर्षं लाकडात राहिलेल्या व्हिस्कीत टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट अंश, भरपूर असतं. पाणी जास्त झालं की गोडवा विरतो आणि जास्त उकळलेल्या चहासारखा तुरटपणा उरतो. नळाचं पाणी नको, क्लोरीन लगेच कळतो.

तांब्याची तार
विझलेल्या काडीचा वास गंधकाचा. रिकामी पिंपं टिकावीत म्हणून आत गंधक जाळतात, त्याचा अंश राहतो. ही बिघाडाची खूण नव्हे. काहींना तर तो आवडतो. थोडा असेल तर झाकण काढून ठेवल्यावर दहा मिनिटांत उतरतो. उकडलेलं अंडं किंवा रबर वाटलं तर वेगळ्या ग्लासात थोडी घेऊन घासून लखलखीत केलेल्या तांब्याच्या तारेने अर्धा मिनिट ढवळा, मग हुंगा. तांबं गंधकाची संयुगं धरून ठेवतं, म्हणून तर स्टिलही (व्हिस्की गाळायचं भांडं) तांब्याची असते. फक्त चाचणीपुरतं हं, तो ग्लास ओतून द्या, बाटलीत तार नको.

पलासियाकर
आभारी आहे. सोबत लौंग सेव चालेल ना?

खारीकमनुका
अहो, लवंग आणि तिखटाने जीभ तासभर बधिर! आधी फक्त बिनमिठाचे बदाम. सेव, जिरावण मसाला, सराफ्याची खाऊगल्ली, सगळं ग्लास रिकामे झाल्यावर.