तुमचं पहिलं पॉलिशिंग मशीन : अनुभव सांगा

नौपाड्याचा
खंडेनवमीला पूजेची हत्यारं काढताना माळ्यावर बाबांचा पत्र्याचा डबा सापडला. आत वाळून दगड झालेलं मेणपॉलिश आणि पिवळं फ्लॅनेलचं फडकं. आमची प्रीमियर पद्मिनी नौपाड्यातल्या गल्लीत उभी असायची. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी बाबा बनियनवर बादली घेऊन उतरायचे. आम्हा भावंडांना एकेक दरवाजा वाटून दिलेला, बॉनेट मात्र त्यांचं. "गोल गोल नाही, सरळ हात मार," हे अजून कानात आहे.

आता घोडबंदरला राहतो. सहा वर्षांची काळी गाडी, त्यात मेट्रोच्या कामाची धूळ. उन्हात बॉनेटवर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखं दिसतं. हाताने चार तास घासलं, जाळं तसंच. मशीन घ्यायचं ठरवलंय, पण रोटरी, डीए, ८ मिमी, १५ मिमी... काहीच उलगडत नाहीये. तुम्ही पहिलं कोणतं घेतलंत, का घेतलंत, काय फसलं ते लिहा. घरच्यांनीही लिहा.

कोपरखैरणे_लोकल
डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. डोळे मिटून डीए. ५ इंची प्लेट (पॅड बसवायची चकती). बाकीचं नंतर, ठाणे आलं.

सानपाड्याची_सई
आमच्याकडे आधी रोटरी आलं, नवऱ्याच्या मित्राचं. गाडी लाल. रात्री पार्किंगच्या ट्यूबखाली आरसा! सकाळी पाम बीचच्या सिग्नलला थांबलो, ऊन पडलं आणि बॉनेटभर साबणाच्या फुग्यावर असतात तसे पट्टे. तो एक शब्द बोलला नाही. पूर्ण रविवार राबला होता हो बिचारा.

जुनी_८००
सई, त्या पट्ट्यांना हॉलोग्राम म्हणतात. रोटरी एकाच आसाभोवती फिरतं, पॅड जरा तिरकं धरलं की खुणा उठतात. हात बसलेल्या माणसाकडे तेच मशीन सोनं आहे. डीए फिरतं आणि हेलकावतंही, त्यामुळे खुणा एकावर एक पडत नाहीत. आणि जास्त दाबलंत तर त्याचं फिरणं थांबतं, नुसतं थरथरतं. शिकणाऱ्याला तेच वाचवतं. फक्त गिअरवालं डीए येतं ते दाबूनही थांबत नाही, पहिलंच मशीन म्हणून ते नको.

सानपाड्याची_सई
हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! नंतर डीएनेच निघाले ते पट्टे.

ऐरोली_अमोल
आधी ते गाडी पुसणारे बंद करा. एक बादली, एक फडकं, चाळीस गाड्या. जाळं तिथूनच येतं.

वाघबीळ_वहिनी
अमोल, आमच्याकडे पुसायला येणारे काका साठीचे आहेत, पहाटे पाचला येतात. त्यांना बंद कशाला करायचं? मी दोन मायक्रोफायबर आणि वेगळी बादली दिली, आधी पाणी मारा मग पुसा असं सांगितलं. ऐकतात.

ऐरोली_अमोल
हे पटलं वहिनी. मीही देतो.

पांडवकड्याखाली
सविस्तर लिहितो, कारण माझी चूक दुसऱ्या कोणी करू नये.

२०१९ साली घरात अँगल ग्राइंडर होता. त्याला फोमचं पॅड बसवलं, वाटलं झालं पॉलिशर. ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. पॉलिशिंगचं रोटरी साधारण ६०० ते ३,००० मध्ये चालवतात. मागच्या बंपरच्या कडेला दहा सेकंद टेकलं असेल, रंग जळून खालचं प्लास्टिक दिसलं. प्लास्टिकमधून उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, तिथेच साठते. बंपर रंगवून घ्यावा लागला. ती गाडी बायकोच्या पहिल्या पगाराच्या हप्त्यांवर घेतलेली. ती काही बोलली नाही, पण मला आजही तो कोपरा दिसतो.

मग डीए घेतलं. तेव्हापासून जे हाताला कळलं ते असं. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉन, डोक्याच्या केसापेक्षा पातळ. पॉलिश करणं म्हणजे त्यातलाच थोडा थर काढणं. म्हणून आधी सगळ्यात मऊ पॅड आणि सौम्य पॉलिश, बॉनेटच्या दीड-दोन फुटांच्या चौकोनावर करून बघायचं. त्यात भागलं तर कंपाउंडला (जास्त कापणाऱ्या पॉलिशला) हात लावायचा नाही. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो खोल आहे, मशीनने काढायला जाऊ नका.

मशीन लावण्याआधी गाडी नीट धुवायची. मग पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवा. खरखर लागली तर आधी क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी वडी. नाहीतर चिकटलेली घाण पॅडखाली येते आणि नवे ओरखडे पडतात. कडांना, काळ्या प्लास्टिकला आणि रबराला मास्किंग टेप. प्लास्टिकवर सुकलेलं कंपाउंड पांढरं राहतं, निघता निघत नाही.

सगळ्यात कामाचं: प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली की दाब जास्त झाला किंवा मशीन तिरकं झालं. पॅडवर मटाराएवढे चार-पाच थेंब, हळू वेगावर पसरवून मग वाढवा. हात सावकाश, सेकंदाला इंचभर. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ.

पैसे मशीनवर संपवू नका. पूर्ण गाडीला सहा तरी पॅड लागतात, दोनात भागवायला गेलं की पॅड भरतं, तापतं, कापायचं सोडतं.

नौपाड्याचा
मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. रेघेचं त्यांना फार आवडलं. ८ की १५ मिमी?

पांडवकड्याखाली
हा आकडा म्हणजे डीएच्या हेलकाव्याचा पल्ला. १५ बॉनेट-टपाला भराभर होतं, पण वळणदार पत्र्यावर जास्त थांबतं. एकच घ्यायचं आणि गाडी छोटी, तर ८ पण उत्तम. २१ पहिल्यांदा नको. आरसे आणि काचांमधल्या खांबांसाठी ३ इंची प्लेट पुढे कधीतरी.

कोपरखैरणे_लोकल
आलो. माझं १५. पहिल्या दिवशी तीन तास सलग चालवलं, रात्री बोटांना मुंग्या, वाटी धरवेना. दर अर्ध्या तासाला थांबा. आणि दुकानात जाऊन हातात धरून बघा, वजन फोटोत कळत नाही. मी नागदेवी स्ट्रीटला चार मशीन उचलून बघितली आणि मग घेतलं.

तुर्भे_टँकर
आमच्याकडे प्रश्न पाण्याचा. टँकरचं पाणी बॉनेटवर सुकलं की पांढरे ठिपके, उन्हात तर रंगात बसतात. मशीनने काढले, महिन्यात परत. आता गाडी सावलीत धुवून लगेच कोरडी करतो.

वाघबीळ_वहिनी
आणि वीज? आमच्या सेक्रेटरींनी पार्किंगच्या सॉकेटला कुलूप लावलंय.

ऐरोली_अमोल
लेखी अर्ज द्या, तासाचे पैसे भरतो म्हणा. आमच्याकडे तसं चालतं. एक्स्टेन्शन बोर्ड जाड वायरचा घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा, नाहीतर वायर तापते. वायर खांद्यावरून मागे टाका, पत्र्यावर घासू देऊ नका.

जुनी_८००
ज्यांची गाडी जुनी आहे त्यांच्यासाठी. माझ्या लाल ८०० चं पॅड पहिल्याच चौकोनात लालभडक झालं. छातीत धस्स झालं, मशीन बंद करून खालीच बसलो. नंतर कळलं, जुन्या साध्या रंगावर क्लिअर कोट नसतोच, रंगच पॅडवर येतो. बेताने करायचं, इतकंच. नौपाड्याचा, तुमच्या पद्मिनीचं फडकंही रंगत असणार.

नौपाड्याचा
हो! आमची निळसर होती. फडक्यावर अजून निळी झाक आहे, आत्ता परत जाऊन बघितली.

तुर्भे_टँकर
पद्मिनीचं काय झालं पुढे?

नौपाड्याचा
ताईच्या लग्नाच्या वर्षी विकली. बाबा गाडी न्यायला आलेल्या माणसाला पॉलिश कसं करायचं ते दाखवत होते.

कोपरखैरणे_लोकल
...

सानपाड्याची_सई
वाचून गलबलले.

पांडवकड्याखाली
नौपाड्याचा, घ्यायची घाई नको. माझं मशीन घेऊन रविवारी येतो, बॉनेटवर करून बघा. मग ठरवा. येताना मामलेदारची मिसळ खाणार, ते मात्र तुमच्याकडून.

नौपाड्याचा
रविवारचं सांगतो. अर्ध्या बॉनेटवर टेप लावून एकच बाजू केली. मऊ पॅडने जाळं पुसट झालं, गेलं नाही. मध्यम पॅड लावल्यावर गेलं. बाबांना पार्किंगमध्ये खुर्ची टाकून दिली होती. सगळा वेळ त्यांचं लक्ष प्लेटवरच्या रेघेवर. ती थांबली की "दाब सोड" म्हणायचे, आणि खरंच ती फिरायला लागायची. १५ मिमीच घेतोय, आजच सांगून ठेवलं. टेपच्या पलीकडचं अर्धं बॉनेट बाबा करणार म्हणतात. फडकं धुवायला टाकलंय.

सानपाड्याची_सई
काळ्या गाडीला ते फडकं नका लावू, मायक्रोफायबरच वापरा. ते त्यांच्या खांद्यावर असू दे. आणि फोटो?