सिद्धता मिळाली, पण कारण कळले का?

प्रश्न:
केनेथ अ‍ॅपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी १९७६ मध्ये चार रंगांचे प्रमेय (सीमा लागून असलेल्या प्रदेशांना वेगळे रंग देत कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो) संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले. पुढे तपासायच्या रचना, म्हणजे नकाशातील प्रदेशांच्या मांडणीचे नमुने, ६३३ पर्यंत कमी झाल्या, तरी त्या एकेक करून तपासाव्याच लागतात. प्रमेयाच्या सत्यतेबद्दल मला शंका नाही. परंतु कोणत्याही नकाशाला चार रंग का पुरतात, हे या सिद्धतेतून कळते का?

प्रतिसाद १:
माझ्या मते नाही. पहिल्या दहा विषम संख्यांची बेरीज शंभर येते, हे नुसत्या आकडेमोडीने पटते; पण ठिपक्यांच्या चौरसाला दोन लगतच्या बाजूंनी नवी ओळ जोडताना दर वेळी पुढचीच विषम संख्या लागते हे पाहिले, की बेरीज वर्गच का असते ते उमगते. संगणकीय सिद्धता मला त्या आकडेमोडीसारखी वाटते.

प्रतिसाद २:
मी इतके ठामपणे म्हणणार नाही. प्रत्येक नकाशात पाच किंवा त्याहून कमी शेजारी असलेला एक तरी प्रदेश असतो, हे ऑयलरच्या सूत्रातून (नकाशातील प्रदेश, सीमा आणि कोपरे यांच्या संख्यांमधील संबंधातून) निघते. त्याच आधारावर गणितज्ञ हीवुडने १८९० मध्ये पाच रंग पुरतात हे दाखवले, आणि संगणकीय सिद्धता हा त्याच विचाराचा विस्तार आहे. कारण तिथे आहे. ते एका नजरेत मावत नाही, इतकेच.

प्रतिसाद ३:
सावलीवरून ध्वजस्तंभाची उंची काढता येते, पण सावलीमुळे स्तंभ उंच होत नाही. विज्ञानात स्पष्टीकरणाला अशी दिशा असते. गणितात कार्यकारणभावच नसताना ऑयलरच्या सूत्राला ‘कारण’ कोणत्या निकषावर म्हणायचे, हे आधी ठरवावे लागेल.