दुःखानंतरचा विश्वास : तुमचे अनुभव लिहा

वसईहून
२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आमच्या दफनभूमीत पाय ठेवायला जागा नसते. थडगी धुऊन, फुलं वाहून मेणबत्त्या लावतात. धाकटा भाऊ अपघातात गेला त्या वर्षी मी गेलेच नाही. "देवाची इच्छा" असं कुणी म्हटलं की डोकं फिरायचं. ज्यांनी जवळचं माणूस गमावलं आणि तरी प्रभूला धरून राहिले, किंवा सोडून परत आले, त्यांनी लिहा. बायबलची वचनं आपल्याला पाठ आहेत. तुमच्या घरात काय झालं ते सांगा.

नगरहून
मी लिहिते. एप्रिल २०२१. नवरा नऊ दिवस व्हेंटिलेटरवर, दहाव्या दिवशी फोन. चेहरा बघू दिला नाही. दफनाला चार माणसं, पाळकसाहेब पीपीई घालून लांबून प्रार्थना करत होते. मला मूठभर मातीही टाकता आली नाही, ते अजून सलतं.

पुढे पाच महिने प्रार्थना नाही. मुलांसाठी देवळात जायचे, पण गाणं सुरू झालं की गळा दाटायचा. तबल्यावर हेच बसायचे ना. महिला मंडळातल्या एक आजी दर बुधवारी भाकरी आणि ठेचा घेऊन यायच्या आणि मेथी निवडत बसायच्या. एकदाही वचन सांगितलं नाही. एका बुधवारी मीच भडकले, "आजी, तेव्हा देव कुठे होता हो?" त्यांनी जुडी खाली ठेवली. "हे त्यालाच विचार की. मला कशाला विचारतीस?" आणि बायबलमधलं स्तोत्र ८८ काढायला लावलं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून वाचलंही मीच.

विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी उजेडाकडे वळतात. हे अंधारातच संपतं. लहानपणापासून उपदेश ऐकतेय, हे स्तोत्र कुणी घेतलेलं मला आठवत नाही. असं रडणंसुद्धा पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे देवाने ते ऐकून जपून ठेवलंय. त्या रात्री मी तासभर त्याच्याशी भांडले. पाच महिन्यांतली पहिली प्रार्थना ती.

पुढच्या ईस्टरला पहाटेच्या उपासनेत धाकट्याने तबला धरला. सम चुकत होती. मी गायले.

पुण्याहून
माझी आजी केडगावला, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, त्यामुळे रमाबाईंचं नाव आमच्या घरात रोज असायचं. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा पटकीने. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

आमचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा हे आठवून मला धीर आला नाही, खरं सांगतो. मी एवढा खंबीर का नाही, असंच वाटत राहिलं. धीर आला तो बायकोने बाळाचं नाव ठेवलं आणि पाळकांनी ते नाव घेऊन प्रार्थना केली तेव्हा. तोवर कुणी त्याला माणसात धरलंच नव्हतं.

मुंबईहून
बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. लाजर चार दिवस कबरेत, आणि मार्था येशूला तोंडावर सांगते की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तो तिला गप्प करत नाही. पुढे कबरेकडे निघताना स्वतःच रडतो, आणि तेही आपण लाजरला उठवणार आहोत हे माहीत असताना. माझी आई कॅन्सरमधून उठली नाही. तिच्या उशाशी बसून रात्रीमागून रात्री मी हाच अध्याय वाचला.

सोलापूरहून
मुलाला जाऊन तीन वर्षं झाली. मी अजून चर्चला जात नाही. सगळ्यांचं वाचतोय.

वसईहून
सोलापूरचे दादा, वाचत राहा, लिहायची घाई नाही.

नगरच्या ताई, स्तोत्र ८८ आत्ता मोठ्याने वाचलं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, परत वाच.