घोड्यांच्या हेळसांडीची तक्रार : काय कळवावे
घोडा हाडकुळा दिसला तर आधी मालकाशी बोलावे की थेट प्राणी कल्याण संस्थेला कळवावे, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते नुसती शंका असली तरी कळवावे, कारण हेळसांड झाली आहे की म्हातारपण, झिजलेले दात किंवा उपचार चालू असलेला आजार हे कारण आहे, याचा निवाडा करणे आपले काम नव्हे. मात्र मोघम तक्रारीचा फारसा उपयोग होत नाही. नेमकी जागा, तारीख, घोड्यांची संख्या व रंग, बरगड्या आणि पुठ्ठ्याची हाडे कितपत वर आली आहेत, खूर वाढून वळले आहेत का, पिण्याचे पाणी आहे का, हे लिहावे आणि छायाचित्रे सार्वजनिक रस्त्यावरूनच काढावीत. (डोळ्यांवरची जाळी माश्यांपासून बचावासाठी असते आणि तिच्यातून घोड्याला दिसते, तिला क्रौर्य समजू नये.) घोडा किती हाडकुळा किंवा लठ्ठ आहे हे ठरवणारी १ ते ९ गुणांची हेनेके मापनपद्धत माहीत असल्यास त्या गुणांचा अंदाजही द्यावा. दयेपोटी कुंपणावरून खाणे मात्र टाकू नये. दीर्घकाळ उपाशी असलेल्या घोड्याला एकदम भरपूर धान्य मिळाल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून तो दगावू शकतो.